पाहुणा तिकडचा, कायदा इकडचा
वाचकांचे प्रश्न : लॉज, खानावळी, होमस्टे आणि ढाबे

या वेळच्या पत्रांत एकच गुंता वेगवेगळ्या तोंडांनी आला आहे. गिऱ्हाईक कोल्हापूरचं, बाटली गोव्याची, चूल बेळगावची. मग नियम कुणाचा? बहुतेक वेळा उत्तर सोपं असतं. खोली जिथे दिली, ताट जिथे वाढलं, त्या जागेचा. ते पाळताना घोळ कुठे होतो, ते उत्तरांत येईलच.

जांबोटीजवळ आमची साडेतीन एकर शेती आहे. शेतात दोन खोल्यांचं घर बांधलंय. पावसाळ्यात चोर्ला घाटाकडे जाणारे लोक राहायला जागा विचारतात. तिथे होमस्टे काढावा आणि पुढे पाच-सहा तंबू टाकावेत असं मनात आहे. पंचायतीचा दाखला पुरेल ना? — एक शेतकरी, ता. खानापूर

पुरणार नाही. आधी जमिनीचं बघा, पंचायत नंतर.

कर्नाटक भू-महसूल कायदा, १९६४ च्या कलम ९५ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतात एकूण क्षेत्राच्या १० टक्क्यांपर्यंत शेतघर बांधता येतं. साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे, त्याचे १० टक्के १४ गुंठे. तेव्हा दोन खोल्यांच्या घराला क्षेत्राची अडचण नाही. अडचण वापराची आहे. शेतघर हे शेतकऱ्याच्या, त्याच्या कुटुंबाच्या आणि गड्यांच्या राहण्यासाठी. ते व्यापारासाठी भाड्याने द्यायचं नाही, असं कायद्यातच आहे. पाहुण्याकडून पैसे घेतले की ते शेतघर राहत नाही.

म्हणून घराखालचा आणि वाटेचा तेवढा तुकडा बिगरशेती करून घ्यावा लागेल. सगळी साडेतीन एकर करायची गरज नाही. सर्व्हे नंबरचा काही भागच करायचा असेल तर मोजणी खात्याचा ११-ई नकाशा लागतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो; सोबत आरटीसी (कर्नाटकातला सातबारा) उतारा आणि फेरफार. जमीन वाटणीची असेल आणि उताऱ्यावर भावांची नावं एकत्र असतील तर अर्ज तिथेच अडकतो. आधी वाटणी, मग नकाशा, मग अर्ज. हा क्रम उलटा केला की वर्ष जातं. आदेश झाल्यावर पंचायतीच्या पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकारी) ई-स्वत्तूचे (पंचायतीतल्या मिळकतींची ऑनलाइन नोंद) नमुना ९ आणि ११-ए काढून घ्या. पुढच्या प्रत्येक कचेरीत ते मागतात.

पण या सगळ्यावर पैसे घालण्याआधी वन खात्याचं पत्र घ्या. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं आणि खानापूरच्या पश्चिमेकडची बरीच गावं त्याच्या आसपास येतात. अभयारण्याभोवतीच्या संवेदनशील पट्ट्यात नवी व्यापारी हॉटेलं आणि रिसॉर्ट यांवर बंदी किंवा कडक बंधनं असतात. ‘आपलं गाव त्यात नाही’ असं गार्डने तोंडी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. सर्व्हे नंबर घालून लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आता तंबू. होमस्टे म्हणजे मालक राहतो त्या घरातल्या काही खोल्या पाहुण्यांना देणं. कर्नाटकात त्याला पाच खोल्यांची मर्यादा आहे आणि मालकाने तिथे राहणं अपेक्षित आहे. तंबू टाकलेत की तो कॅम्प झाला, त्याची नोंदणी वेगळ्या प्रकारात. एकाच अर्जात दोन्ही घुसडू नका. नाहीतर होमस्टेचा साधा अर्जही पडून राहील. आमचं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं तंबूंचं नाव काढू नका. गावठाणात जुनं घर असेल तर तिथूनच सुरुवात करा, बिगरशेतीचा अर्धा व्याप वाचतो.

जमिनीचं मिटलं की पोलिसांची पडताळणी, पंचायतीचा ना-हरकत दाखला आणि पर्यटन खात्याच्या जिल्हा कचेरीतली नोंदणी. जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी. छोट्या उलाढालीला परवाना नाही, नुसती नोंदणी लागते. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नको. बुकिंगच्या ॲपवरून पाहुणा आला आणि तुमची नोंदणी नसेल, तर त्या खोलीवरचा जीएसटी ॲपवाल्याने भरायचा असतो. तो तुमच्या हिशेबातून पुन्हा कापलेला नाही ना, एवढं तपासा.

शेवटची एक गोष्ट, कारण हमखास चुकते. शेतातल्या घराला वीज बहुतेक वेळा पंपसेटच्या जोडणीवरून घेतलेली असते. १० एचपीपर्यंतच्या पंपाला हेस्कॉमची (इकडची वीज कंपनी) वीज फुकट आहे, ती पाण्यासाठी. त्यावर पाहुण्यांचा गीझर चालला तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी त्या वापराच्या दराच्या दुप्पट होते. वेगळा मीटर घ्या. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची, एका रात्रीसाठी आला तरी.

खानावळीची जुनी पाटी वर मराठी, खाली लहान अक्षरांत कन्नड अशी आहे. महापालिकेच्या माणसाने बदलायला सांगितलं. मराठी काढूनच टाकावी लागेल का? नेमकं किती कन्नड हवं? — शहापूर, बेळगाव

मराठी काढायची गरज नाही. तिची जागा बदलेल.

कन्नड भाषा सर्वंकष विकास कायदा २०२२ चा. २०२४ मधल्या दुरुस्तीने नामफलकावर ६० टक्के कन्नड आणि तीही वरच्या भागात, असं ठरलं. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी, इंग्रजी, हवं ते. समजा पाटी १० फूट रुंद आणि ३ फूट उंच आहे. क्षेत्र ३० चौरस फूट, म्हणजे कन्नडला किमान १८. सरळ उपाय म्हणजे वरची १ फूट १० इंच उंचीची पूर्ण पट्टी कन्नडला द्या; १ फूट ९.६ इंचांवर ६० टक्के होतात, वर थोडा हातचा राहतो. खालच्या १ फूट २ इंचांत मराठी नाव चांगलं ठसठशीत बसतं.

रंगाऱ्यांकडून होणारी चूक अशी, की ते कन्नडला पट्टी देतात, पण त्या पट्टीत देवाचं चित्र, फोन नंबर आणि ‘शुद्ध शाकाहारी’चा शिक्का घालतात. मग अक्षरं उरतात पाच इंचांची. चित्र आणि फोन खालच्या भागात न्या. दुसरी चूक शुद्धलेखनाची. छपाईला देण्याआधी कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून मजकूर तपासून घ्या. फ्लेक्स दोनदा छापणं महागात जातं. ‘खानावळ’चं भाषांतर शोधत बसू नका, उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्ये ‘खानावळी’ हाच शब्द रुळलेला आहे.

जीएसटीची नोंदणी असेल तर तो क्रमांकही प्रवेशाच्या पाटीवर लागतो, तो तळाच्या कडेला घ्या. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठोक दराने कर भरायची जीएसटी योजना) असाल तर तसा उल्लेख पाटीवर आणि बिलावर दोन्हीकडे. दंड पहिल्या वेळी ५,००० पर्यंत, दुसऱ्या वेळी १०,००० पर्यंत, पुढे २०,००० आणि परवाना रद्द होण्याची पाळी. नोटीस तोंडी असेल तर लेखी मागा, मुदत लिहून घ्या आणि बदललेल्या पाटीचा तारखेसह फोटो परवान्याच्या फायलीत लावा. मेन्यूकार्ड ही पाटी नव्हे. ते मराठीत ठेवायला या नियमाची आडकाठी नाही.

आमच्या लॉजवर कोल्हापूर-इचलकरंजीच्या कंपन्यांची माणसं उतरतात. ती ‘आयजीएसटी लावून बिल द्या, नाहीतर आम्हाला क्रेडिट मिळत नाही’ म्हणतात. द्यावं का? आणि १२ टक्के की ५? — बेळगाव

देऊ नये. आयजीएसटी हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या पुरवठ्यावरचा कर. खोलीच्या बाबतीत पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे इमारत जिथे उभी आहे ते ठिकाण. इमारत बेळगावात, तुम्ही कर्नाटकात. म्हणून केंद्राचा आणि कर्नाटकाचा जीएसटी, निम्मा-निम्मा. पाहुण्याच्या कंपनीचा पत्ता महाराष्ट्रातला असला तरी त्याने फरक पडत नाही. त्यांना कर्नाटकातली नोंदणी नसेल तर क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळणार नाही, हे खरं आहे. पण त्यासाठी चुकीचं बिल दिलंत तर कर चुकीच्या खात्यात जाईल, तुम्हाला तो योग्य खात्यात पुन्हा भरावा लागेल आणि चुकून भरलेला परत मागत बसावं लागेल. त्यांचा जीएसटी क्रमांक बिलावर जरूर घाला, प्रकार मात्र बदलू नका.

दर ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर १२ चे ५ झाले, पण खरेदीवरच्या कराचं क्रेडिट गेलं. २,००० च्या खोलीवर पूर्वी २४० लागायचे, आता १००. ५० केंद्राचे, ५० राज्याचे. ७,५०० च्या वर १८ टक्के. मर्यादा प्रत्यक्ष घेतलेल्या रकमेवर बघायची, भिंतीवर लावलेल्या दरपत्रकावर नाही. बिलाच्या संगणकात जुना दर राहून गेला असेल आणि तुम्ही १२ टक्के वसूल केले असतील, तर ते पूर्ण सरकारजमा करावे लागतात. वरचे ७ आपले होत नाहीत. चादरी, साबण, रंगकाम यांवरचा कर आता तुमच्या खर्चात धरायचा. खोलीचा भाव ठरवताना बरेच लॉजवाले नेमकं हेच विसरतात.

केटरिंगचा धंदा आहे, कंपोझिशनमध्ये आहोत. गडहिंग्लजला साडेतीन लाखांचं लग्न मिळतंय. घ्यावं का? — निपाणी

कंपोझिशनमध्ये राहून घेऊ नका. वाढप जिथे होतं ते केटरिंगचं ठिकाण. तुम्ही कर्नाटकात, पंगत महाराष्ट्रात, म्हणजे हा आंतरराज्य पुरवठा झाला. कंपोझिशनवाल्याला तो करता येत नाही. केलात तर त्या दिवसापासून योजनेतून बाहेर समजतात, आणि हे मागाहून उघड झालं की कराबरोबर व्याज आणि दंडही येतो.

रस्ता असा. काम पक्कं झालं की योजनेतून बाहेर पडा. अट मोडल्यावर सात दिवसांत सीएमपी-०४ (योजनेतून बाहेर पडल्याचा फॉर्म) भरायचा असतो, पण तोवर थांबू नये. बाहेर पडल्यावर केटरिंगला ५ टक्के, क्रेडिटविना. साडेतीन लाखांवर १७,५०० आयजीएसटी, आणि हा तुम्हाला लग्नघरच्यांकडून घेता येतो. कंपोझिशनमध्ये दर तेवढाच, ५ टक्के, पण तो आपल्या खिशातून. तेव्हा बाहेर पडणं म्हणजे तोटाच, असं नाही. कटकट वाढते ती विवरणपत्रांची: तिमाही सीएमपी-०८ च्या जागी नेहमीची विवरणं येतात. परत योजनेत यायचं तर आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी सीएमपी-०२ हा फॉर्म भरावा लागतो. मधेच येता येत नाही. सीमेपलीकडची दोन-तीन कामं वर्षाला मिळणार असतील तर बाहेर पडा. एकच असेल तर गणित मांडून बघा.

भांड्यांचा टेम्पो सीमा ओलांडतो तेव्हा सोबत डिलिव्हरी चलन ठेवा: पातेली किती, शेगड्या किती, अंदाजे किंमत, ‘विक्रीसाठी नाही, केटरिंगच्या कामासाठी, परत येणार’. किंमत ५०,००० च्या वर जात असेल तर ई-वे बिलही (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद). सहा मोठी पातेली, तीन शेगड्या आणि तीनशे ताटं-वाट्या मांडल्या की हा आकडा चटकन ओलांडला जातो.

चोर्ला रस्त्यावर ढाबा आहे, दारूचा परवाना नाही. गोव्याहून परतणारे लोक स्वतःची बाटली काढून बसतात. आम्ही विकत नाही, फक्त ग्लास देतो. गुन्हा होतो का? — ता. खानापूर

होतो. विकणं हा एक गुन्हा आणि परवाना नसलेल्या जागी पिऊ देणं हा दुसरा. ढाब्यांवर पडणाऱ्या बहुतेक केसेस कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ च्या कलम १५-ए आणि ३२(३) खालच्या असतात, आणि त्यात आरोपी पिणारा नसतो, जागेचा मालक असतो. ग्लास आणि सोडा तुम्ही दिलात, तर ‘मला माहीत नव्हतं’ हेही म्हणता येत नाही.

त्यात बाटली गोव्याची. दारू जीएसटीच्या बाहेर आहे. प्रत्येक राज्य आपापला अबकारी कर लावतं, म्हणून गोव्यात कर भरलेली बाटली कर्नाटकात परवानगीशिवाय आणणं म्हणजे बेकायदा आयात. कणकुंबीच्या तपासणीतून सुटली म्हणून ती कायदेशीर होत नाही. पाहुणा निघून जातो आणि अर्धी बाटली तुमच्या टेबलाखाली राहते. मग ती कुणाच्या ताब्यात सापडली, एवढंच पंचनाम्यात येतं. उरलेली बाटली ‘पुढच्या वेळी देतो’ म्हणून फ्रिजमध्ये ठेवायची सवय असेल तर आजच मोडा.

पाटी लावा, पोरांना ग्लास न देण्याची ताकीद द्या, ऐकत नसतील त्यांचं बिल करून वाटेला लावा. दारू विकायचीच असेल तर बार-रेस्टॉरंटचा सीएल-९ किंवा राहण्याची सोय असलेल्या हॉटेलाचा सीएल-७ असे परवाने आहेत, पण रस्त्याकडेच्या ढाब्याला ते सहज मिळतील अशा भ्रमात राहू नका. आणि परवाना असलेल्यांनीही ध्यानात ठेवावं: कर्नाटकात वय २१.

गोबी मंचुरीचा गाडा आहे. रंगाशिवाय लाल दिसत नाही आणि लोक घेत नाहीत. पुडीवर ‘खाद्य रंग’ लिहिलेलं असतं, तरी का चालत नाही? — चिक्कोडी

कारण ‘खाद्य रंग’ म्हणजे सगळ्या खाद्यांत चालणारा रंग नव्हे. टार्ट्राझिन, सनसेट यलो यांसारखे रंग ठराविक पदार्थांत, ठराविक प्रमाणात चालतात. गोबी त्यांत नाही. ऱ्होडामाइन-बी तर कापडाचा रंग, तो कशातच चालत नाही. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकाने गोबी मंचुरी आणि म्हातारीच्या केसांतले कृत्रिम रंग बंद केले, जूनमध्ये कबाबांतले. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड.

लाली मिरचीतून येते, पण पद्धत जमली पाहिजे. ब्याडगी घ्या, संकेश्वरी नको, ती झणका जास्त देते. एक किलो गोबीला १५ ब्याडग्या बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, बारीक वाटा, गाळा. दोन चमचे पिठात, बाकी परतताना. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता. मोठ्या आचेवर ते करपतं आणि तपकिरी होतं. बीट घालून बघणारे फसतात, त्याची लाली उष्णतेने जाते. आणि तळणीचं तेल काळं पडलेलं असेल तर कितीही मिरची घाला, गोबी मळकीच दिसणार. तेलातली ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल फेकायचं, असा नियमही आहे. फेस न बसणं आणि धूर लवकर येणं या दोन खुणा गाड्यावर पुरतात.

बाटलीतला लाल सॉस तपासा, त्यातही रंग असतो. नमुना घ्यायला अधिकारी आले तर नमुन्याची किंमत आणि पावती मागा. एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी तुम्हाला तिथेच करता येते. अहवाल विरुद्ध गेला तर अपिलाला ३० दिवस. इडलीही करत असाल तर साच्यात प्लास्टिकचा कागद नको, फेब्रुवारी २०२५ पासून त्यावरही बंदी आहे. सुती फडकं ओलं करून घाला.

थोडक्यात

*सेवाशुल्क बिलात लावता येतं का? (बेळगाव)* आपोआप नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. गिऱ्हाईक १९१५ वर तक्रार करू शकतं. त्यापेक्षा पदार्थाचा भावच वाढवा.

*लग्न न झालेल्या जोडप्याला खोली द्यावी का? (गोकाक)* दोघंही सज्ञान असतील तर मनाई करणारा कायदा नाही. दोघांचंही ओळखपत्र बघा, नोंदवहीत दोघांचीही नावं घ्या. एकाच्याच नावावर दोघं, तिथे घोटाळा होतो. आधारची आकडे झाकलेली (मास्क्ड) प्रत चालते.

*स्वतःच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीतून पाहुण्यांना गोकाक-सौंदत्ती दाखवली तर? (हुक्केरी)* पैसे घेतलेत तर ती विनापरवाना टॅक्सी. मोटार वाहन कायद्याचं कलम १९२-ए: १०,००० दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही. अपघात झाला तर विम्यावाले हात वर करतात, ते याहून महाग पडतं.

*प्रवाशांना कुंदा खोक्यात भरून विकतो. काय छापावं? (बेळगाव)* घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची आणि कधीपर्यंत खावा त्याची तारीख, सर्व करांसह किंमत, हिरवी खूण, १४ अंकी अन्नसुरक्षा क्रमांक, पत्ता आणि तक्रारीचा फोन. मालाचं नाव कन्नडमध्येही. ट्रेमधल्या सुट्या कुंद्यावरही ‘कधीपर्यंत’ची चिठ्ठी हवी, १ ऑक्टोबर २०२० पासून. खोक्यावर तारखेचा शिक्का मारत असाल तर शाई पक्की घ्या. तुपकट हाताने पुसली गेलेली तारीख म्हणजे तारीख नसल्यासारखीच.